कार्यवाहांची झोप

बाग दुपारी बंद का असते, हे मी नोकरीच्या सुरुवातीलाच साहेबांना विचारलं होतं. साहेब म्हणजे आमच्या भागातल्या बागांचे निरीक्षक. त्या वेळी ते टेबलाच्या काचेखालच्या गणपतीवरचा चहाचा डाग रुमालाने पुसत होते. डाग काचेच्या खालच्या बाजूला होता, त्यामुळे निघणार नव्हता. तरी पुसत होते.

"झाडांना विश्रांती नको का, मॅडम?" ते म्हणाले.

मला वाटलं हा तिरकसपणा आहे, म्हणून मी हसले. साहेब हसले नाहीत. सकाळ-संध्याकाळ माणसं झाडांकडे बघतात, त्याचा झाडांना शीण होतो, आणि मधल्या वेळात फाटकाला कुलूप घातलं की झाडं जरा आडवी होतात, असं त्या ऑफिसातलं वनस्पतिशास्त्र होतं. मी विज्ञान शाखेची पदवीधर होते. पण ते तिथे कुणी विचारलं नव्हतं.

माझं पद 'कार्यक्रम समन्वयक' असं होतं. कंत्राटी. पुण्यातल्या एका चांगल्या वस्तीतल्या बागेत कोणी कुठल्या वेळी काय करायचं हे ठरवणं, एवढंच माझं काम. पहाटे योगवर्ग, मग हास्य क्लब, संध्याकाळी मुलांचं स्केटिंग, उन्हाळ्यात शिबिर, कोजागिरीला मसाला दूध. चालायच्या ट्रॅकवर चालायला येणारे लोक गाडी थेट फाटकाला टेकवून लावत, म्हणजे ट्रॅकपर्यंत चालावं लागू नये. व्यायामाच्या लोखंडी यंत्रांवर बसून ते सरकारने लोकांना फुकट खायची सवय कशी लावली यावर बोलत. ती यंत्रं, तो ट्रॅक, ती हिरवळ आणि तिच्यावरचं पाणी कुणाच्या पैशाचं, हा विषय त्यात कधी निघत नसे.

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील कामगार संघटनेचं काम करायचे. इतरांच्या घरी वाण्याची यादी वहीच्या कागदावर असे, आमच्याकडे ती जाहीर सभेच्या पत्रकाच्या पाठीवर असे. मी बाराखडी गिरवली तीही उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. कागद उलटला की मागे 'मागण्या मान्य करा' असायचं. अशा घरातून आलेल्या मुलीला बागेची नोकरी म्हणजे विसावा वाटायला हवा होता. मला ती पहिल्या दिवसापासून चीड आणत होती.

दुपारी ऑफिस उघडं आणि बाग बंद. मी डबा घेऊन बाहेर फुटपाथवर जाऊ लागले. तिथे भिंतीला टेकून चार बायका जेवायला बसायच्या. पर्जन्यवृक्षाचं खोड बागेत होतं, पण त्याची एक जाड फांदी भिंतीवरून बाहेर आली होती. तिच्या सावलीवर ऑफिसचा हक्क पोचत नव्हता. चौघीही समोरच्या इमारतींमध्ये धुणीभांडी आणि पोळ्या करत. सकाळची कामं संपल्यावर दुपारची सुरू होईपर्यंतचा वेळ त्यांना कुठेतरी काढावा लागे. घरी जाणं शक्य नव्हतं. बाग झाली तेव्हा नाल्याकाठची त्यांची वस्ती उठवून त्यांना वाघोलीच्या पलीकडे इमारतींत खोल्या दिल्या होत्या. यायला दोन बस, जायला दोन बस.

त्यांच्यातली थोरली मला पहिल्या दिवशीच म्हणाली, "आत घसरगुंडी हाय ना ताई, पिवळी? तिथं माझी चूल होती."

तिला सगळ्या मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. काटक बाई, बोलणं तुटक. पाण्याची बाटली तिच्या पिशवीत कायम असे आणि कायम भरलेली असे. मी एकदा विचारलं, एवढ्या उन्हात पाणी का पीत नाही? ती म्हणाली, मुतखडा आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरने बजावलंय, दिवसभर पाणी पीत राहा, नाहीतर ऑपरेशन.

"मग पीत का नाही?"

"प्या म्हणाला. जायचं कुठं ते न्हाई म्हणाला."

ती सकाळी खोलीतून निघायची ती रात्री खोलीत पोचेपर्यंत तशीच. ज्या घरांतले संडास ती घासायची त्या घरांत तिला तिथे जायची मुभा नव्हती. एका घरात तर फिनेलची बाटली तिच्या हातात देताना वहिनी दारात उभ्या राहत, घासून लगेच बाहेर येते ना बघायला. हे ती रागाने सांगत नव्हती. राग मला आला. मी पोळी तशीच डब्यात ठेवली.

बागेत शौचालय होतं. चांगलं होतं. पांढऱ्या फरश्या, आरसा, साबण, दाराबाहेर तुळस. सकाळच्या हास्य क्लबाच्या मंडळाने ते दत्तक घेतलं होतं. पुण्यात माणसं अनाथ मुलाच्या आधी शौचालय दत्तक घेतात, कारण शौचालय मोठं होऊन वाटा मागत नाही. दारावर पाटी होती: 'हे आपल्या घरचेच आहे असे समजून वापरावे.' आणि पाटीखाली कुलूप. मंडळ आपल्या पाटीशी प्रामाणिक होतं, हे मान्य करायला हवं. घरच्यातही ते या बायकांना जाऊ देत नव्हते.

मी साहेबांकडे गेले. दुपारी बाग उघडा म्हटलं. नियम, असं ते म्हणाले. मी म्हटलं, नियम कुणाचा? ते म्हणाले, आधीपासूनचा. मग त्यांना माझी दया आली असावी.

"कार्यक्रम असेल तर उघडता येते. तुम्हीच कार्यक्रम समन्वयक. आणा कार्यक्रम."

"चार बायका बसून जेवतील. तो कार्यक्रम होत नाही?"

"जेवण म्हणजे खरकटं. आरोग्यविषयक काहीतरी आणा. हास्य क्लब आणा. हास्य क्लबाला वर विचारावं लागत नाही."

माणसाला भूक लागते, तहान लागते, लघवीला होते, यातलं काहीच त्या ऑफिसात आरोग्याच्या सदरात बसत नव्हतं. हात वर करून विनाकारण हसणं बसत होतं. मी फुटपाथवर आले आणि बायकांना म्हटलं, आजपासून आपण महिला हास्य क्लब.

"हसायचं? कुणाला?" मावशी म्हणाली.

"कुणाला नाही. नुसतंच."

"नुसतंच हसणाऱ्यांना येरवड्याला नेऊन टाकतात ना ओ?" दुसरी म्हणाली.

"इथले आजोबा लोक रोज सकाळी हसतात. त्यांना कुणी नेत नाही," मी म्हटलं.

"त्यांना कोण नेणार? फ्लॅट हायेत त्यांचे."

मावशी डब्याचं झाकण लावत म्हणाली, "ताई, सकाळपासून मी हसतच असते. वहिनी बोलल्या, हसले. त्यांचे सासरे तोच तो जोक बोलले, हसले. आता जेवताना पण हसू? तेवढा येळ तरी तोंडाला सुट्टी द्या."

मी सांगितलं, हसायचं फक्त साहेब आले तर. बाकी आत बसून जेवा, झोपा. बायका तयार झाल्या. साहेबांनी मान डोलावली. दुसऱ्या आठवड्यात दुपारी फाटक उघडलं आणि चौघी हिरवळीवर पाय लांब करून बसल्या. झाडांना काही झालं नाही. मी बारकाईने बघितलं.

पण शौचालयाचं कुलूप तसंच. किल्ली मंडळाच्या कार्यवाहांकडे असे. सकाळी हास्य संपलं की ते कुलूप लावत, ओढून बघत, दोन पावलं जात, परत येऊन पुन्हा ओढून बघत. संध्याकाळी येऊन उघडत. म्हणून मी मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी गेले. अध्यक्ष मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. पहाटे बागेत सिंहासारखी जीभ काढून ते ज्या आवाजात हसत, त्याच आवाजात घरी पेपर वाचत.

"हे बघ बाळ," ते म्हणाले, "आमचा विरोध त्या बायकांना नाही. आमचा विरोध वापराला आहे."

"शौचालयाच्या वापराला?"

"वापर वाढला की दर्जा घसरतो. आम्ही किती कष्टाने राखलंय ते."

"आजोबा, तुमच्याकडचं ती मावशीच घासते. बागेतलं घाण कशी करेल?"

दार उघडायला मावशीच आली होती, हे त्यांच्या डोक्यात आलं असेल नसेल, मला सांगता येणार नाही. त्यांनी पेपरची घडी घातली.

"शिवाय किल्ली कार्यवाहांकडे असते आणि दुपारी ते विश्रांती घेतात. दुसरं म्हणजे, तुमच्या क्लबाचं रीतसर उद्घाटन झालेलं नाही. उद्घाटनाआधी सुविधा वापरायची आपल्याकडे पद्धत नाही. होऊ दे उद्घाटन. मग बघू."

'मग बघू' याचा अर्थ मला ठाऊक होता, पण ही अट त्यांनी स्वतःच्या तोंडाने घातली होती. मी उद्घाटन ठरवलं. आमच्या भागाचे माननीय, म्हणजे नगरसेवक, यायला तयार झाले, कारण फोटो होता आणि बायका होत्या. वेळ सकाळी अकराची. मांडव, खुर्च्या, हार, शाल, नारळ. कार्यक्रमाचे पाहुणे म्हणून मंडळाचे सगळे पांढरे केस पुढच्या ओळीत. क्लबाच्या बायकांना मागे, चटईवर. क्लब कुणाचा हे खुर्च्या बघून ओळखणं अवघड होतं.

वडिलांना मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "पत्रक काढ." मी म्हटलं, काढून वाटू कुणाला? ज्यांच्या हातात देईन ते त्यावर वाण्याची यादी करणार नाहीत, तेवढीसुद्धा काटकसर त्यांच्यात नाही. वडील रागावले. माझ्या पिढीला शिस्त नाही असं त्यांना वाटतं.

त्या दिवशी मावशी ठेवणीतली हिरवी साडी नेसून आली. मला बाजूला घेऊन पिशवीतली बाटली दाखवली. रिकामी होती.

"डॉक्टर बोलला तसं केलं. बसमध्येच सगळी प्यायले. आज उघडणार ना?"

"उद्घाटन झालं की लगेच," मी म्हटलं.

अकरा वाजले, बारा वाजले. माननीय आले नाहीत. ते कुठेतरी दुसऱ्या उद्घाटनाला जेवत होते. मावशी चटईवर आधी मांडी घालून बसली, मग गुडघे जवळ घेऊन, मग उठून मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिली. ती कार्यवाहांकडे गेली. ते पुढच्या ओळीत घड्याळ बघत बसले होते.

"आजोबा, तेवढी किल्ली द्या. लगेच आणून देते."

"होऊ द्या की बाई उद्घाटन. मग तुमचंच आहे ते."

एक वाजला तसे कार्यवाह उठले. त्यांनी कुणाची परवानगी घेतली नाही. पुढच्या ओळीत सगळ्यांनी समजुतीने पाय आत घेऊन त्यांना वाट दिली, देवळात प्रदक्षिणा घालणाऱ्याला देतात तशी. किल्ली त्यांच्या खिशात. मी मागे धावले, फाटकाशी गाठलं. "किल्ली ठेवून जा ना." ते चालता चालताच म्हणाले, "किल्ली अशी कुणाकडे ठेवता येत नाही." आणि गेले झोपायला.

माननीय त्यानंतर आले. गाडीतून उतरताना चेहऱ्यावर मठ्ठ्याचं समाधान होतं. हार घातला, दीप लावला, अध्यक्ष बोलायला उभे राहिले. अध्यक्षांनी हास्याचा उगम वेदकाळात शोधला आणि तिथून ते सावकाश आपल्या बागेकडे निघाले. वाटेत कुठेतरी माननीयांच्या चेहऱ्यावरचं समाधान मावळलं. त्यांनी एक पाय दुसऱ्यावर टाकला, मग दुसरा पहिल्यावर. मग मागे वळून आपल्या माणसाच्या कानात काही सांगितलं. तो साहेबांच्या कानाशी लागला, साहेब बागेच्या रखवालदाराच्या, आणि रखवालदार माझ्या.

मी कानात बोलले नाही. जागेवरूनच म्हटलं, "शौचालयाची किल्ली मंडळाच्या कार्यवाहांकडे आहे. ते दुपारी विश्रांती घेतात."

भाषण थांबलं. अध्यक्षांनी फोन लावला. बंद होता. रखवालदाराला समोरच्या इमारतीत पिटाळलं. तो जितक्या लवकर गेला तितक्या लवकर परत आला.

"दार बंद हाय."

"बेल वाजवली का?" माननीयांचा माणूस म्हणाला.

"पाटी हाय तिथं. एक ते चार बेल वाजवू नये."

"अरे, मग वाजवायची ना. साहेब आलेत म्हणावं."

रखवालदाराने अध्यक्षांकडे बघितलं. आता अध्यक्ष बेल वाजवा म्हणतील, असं मला वाटलं होतं. नारळ घेऊन उभा असलेला माणूस, समोर सत्ता बसलेली, सत्तेची अशी अडचण झालेली. पण अध्यक्षांनी मान हलवली.

"नाही, तसं बरं दिसत नाही. एकदा झोपमोड झाली की त्यांचा दिवस जातो. चारला उठतातच ते."

साऱ्या आयुष्यात हा माणूस ज्यासाठी कुणापुढे ताठ उभा राहिला, ते एवढंच होतं.

"तुमच्या घरी चालेल का?" माननीयांच्या माणसाने विचारलं.

"अवश्य. आपलंच घर आहे. पण चौथा मजला, आणि आमच्या सोसायटीत दुपारी लिफ्ट बंद ठेवतात. आवाज होतो."

झाडामागे जायचं तर समोर बायका, बाजूला फोटोग्राफर आणि त्याच्या बाजूला फोन धरून उभा असलेला माननीयांचाच कार्यकर्ता, सगळं थेट दाखवणारा. माननीय हार चाचपत बसून राहिले. कपाळाला घाम. वेळ काढायला अध्यक्षांना एकच सुचलं.

"आता आपल्या भगिनी हास्याचं प्रात्यक्षिक सादर करतील. या, पुढे या. लाजू नका. पोटातून हसायचं बरं का, अगदी पोटातून."

चौघी पुढे आल्या. तिघी ओठ दाबून, माना खाली घालून उभ्या. मावशी खांब सोडून दोन पावलं आली आणि थांबली. तिने अध्यक्षांकडे नाही, माननीयांकडे बघितलं.

"साहेब, मला हसायला लावू नका. हसले तर हितंच होईल माझं."

पुढच्या ओळीत कुणीतरी "शी" म्हणालं. माननीय म्हणाले नाहीत. त्यांनी तिच्याकडे बघितलं. त्यांनी तिच्या वस्तीसाठी कधी काही केलं नव्हतं. ती उठवताना त्यांचीच सही होती असं बायका म्हणायच्या. पण त्या क्षणी मांडवात तिचं म्हणणं कळलेला पुरुष तो एकटाच होता, आणि त्यात त्याचं श्रेय काडीचं नव्हतं. पोटात गेलेल्या मठ्ठ्याचं होतं.

ते उठले. "कुलूप तोडा," म्हणाले.

"पण साहेब, ते मंडळाने दत्तक…" अध्यक्ष म्हणाले.

"तोडा."

रखवालदाराने टिकाव आणला. कुलूप दर्जेदार होतं, तुटलं नाही. चौकटीचा टवका घेऊन कडी-कोयंडाच बाहेर आला. माननीय आत गेले. आम्ही सगळे शाल, नारळ आणि कॅमेरा घेऊन शौचालयाकडे तोंड करून उभे राहिलो. त्या बागेत झालेलं ते सगळ्यात प्रामाणिक उद्घाटन.

ते बाहेर आले तेव्हा अध्यक्ष शाल उलगडून पुढे सरले. तोवर मावशी दाराशी पोचली होती.

"अहो बाई, जरा थांबा, आधी सत्कार…"

"उद्घाटन झालं ना आता?" मावशी म्हणाली. तिने उत्तराची वाट बघितली नाही. आत गेली आणि कडी लावली.

आतली कडी शाबूत होती. तिचा आवाज मी ऐकला. बाकीच्या तिघी दारापुढे ओळीत उभ्या राहिल्या आणि त्या ओळीसमोर माननीयांचा सत्कार झाला. फोटो मी नंतर बघितला. मधोमध शाल, मागे 'आपल्या घरचेच आहे असे समजून'. मावशी फोटोत नाही. ती आत होती, आणि तिने अजिबात घाई केली नाही.

मंडळाने दुसऱ्याच दिवशी नवीन कुलूप आणलं. पण ते लावायला चौकट दुरुस्त हवी, आणि चौकट बांधकाम विभागाची. बागेच्या विभागाकडे फक्त झाडं. मंडळाने दत्तक घेतल्या होत्या त्या फरश्या, आरसा आणि साबण. चौकट त्यात नव्हती. स्वतःच्या खर्चाने सुतार आणायला मंडळ तयार होतं, तर साहेब म्हणाले, खाजगी सुताराने हात लावला तर उद्या जबाबदारी कुणाची? बांधकाम विभागाचा माणूस येऊन चौकट बघून गेला. नुसता बघून गेला. माझ्या युक्तिवादाने, वडिलांच्या पत्रकांनी किंवा कुणाच्या सद्बुद्धीने जे झालं नसतं, ते त्या ऑफिसच्या आळसाने टिकवून धरलं. मी त्या आळसाचा आयुष्यात पहिल्यांदा आदर केला, तोही फार नाही.

मी ती नोकरी सोडली तोपर्यंत दाराला बाहेरून सुतळी होती. मावशीची बाटली दुपारी भरली जाई आणि रिकामी होई. हास्य क्लब कागदावर चालू होता. बायका जेवत, झोपत, आपसात काही सांगून कधी कधी खरंच हसत. साहेबांना ते कळवावं लागत नसे.

कार्यवाहांनी मात्र दुपारची झोप सोडली. कुलूप नसलेलं शौचालय राखायला ते जेवण झालं की छत्री घेऊन येत आणि समोरच्या बाकावर बसत. कोण आत गेलं, किती वेळ लागला, हे बघत. डोळे मिटत, मान पडत, दचकून पुन्हा बघत. एकदा बसून बसून त्यांनाच जायची वेळ आली. ते उठून दाराशी गेले, दार ढकललं. आतून कडी होती. त्यांनी छत्रीच्या टोकाने दार वाजवलं.

"कोण आहे आत?"

"मी हाय," मावशीचा आवाज आला. "बसा जरा बाकावर."

मी हिरवळीवर बायकांजवळ बसले होते; ते माझ्याकडे वळून बघायला लागले. मी डबा उघडला आणि जेवायला लागले.